दोन छोटे ‘द’ आणि एक मोठ्ठी गंमत

चल दोस्ता, आधी एक काम कर. पेलाभर पाणी घे. त्यात लिंबू पिळ. आता एक चमचा साखर टाक आणि चाखून बघ. ई, आंबट! आणखी एक चमचा टाक. हं, आता जरा बरं लागतंय. तिसरा चमचा? वा, झकास!

आता मला एका वाक्यात सांग, काय काय झालं?

सोप्पं आहे. ‘जितकी साखर जास्त, तितकं सरबत गोड!’

या एवढ्याशा वाक्यात दोन गोष्टी घडल्या, बरं का. साखर वाढली. आणि साखर वाढली म्हणून गोडी वाढली. एक कारण, एक परिणाम. दोघांना धरून ठेवलंय ‘जितकं’ आणि ‘तितकं’ या दोन शब्दांनी.

मग हेच इंग्रजीत कसं सांगायचं? ‘जितकं’ला इंग्रजीत काय म्हणतात? आणि ‘तितकं’ला? ओळख पाहू!

नाही सुचत? मग ऐक. दोघांनाही एकच शब्द! आणि तोही केवढा? एवढुस्सा! ‘द’!

हो हो, तोच ‘द’. ‘द सन’, ‘द मून’, ‘द स्कूल’मधे दिसतो ना, अगदी तस्साच दिसणारा.

‘द मोअर शुगर यू ॲड, द स्वीटर इट गेट्स!’ झालं की वाक्य! जितकी जास्त साखर घालशील, तितकं ते गोड होईल.

पण थांब. हा ‘द’ दिसतो साधा, आणि आहे मात्र भलताच जुना आणि भलताच गमतीदार. त्याची गोष्ट थेट आपल्या मराठीच्या दारात येऊन पोचते. कशी? सांगते ना! आधी त्याचा खेळ तर शिकून घेऊ.

तीन पायांची शर्यत

शाळेच्या क्रीडादिनाला तीन पायांची शर्यत असते, आठवतंय? दोघं शेजारी शेजारी उभे राहतात. एकाचा उजवा पाय आणि दुसऱ्याचा डावा पाय रुमालानं एकत्र बांधतात. मग काय, एकानं पाय उचलला की दुसऱ्याला उचलावाच लागतो. एकानं लांब टांग टाकली की दुसऱ्याचीही लांब. एक धावला की दुसराही धावला!

‘द… द…’वालं वाक्य म्हणजे अगदी हीच शर्यत. वाक्याचे दोन तुकडे असतात. दोन्ही ‘द’ मिळून त्यांचे पाय बांधतात. पहिला तुकडा हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं.

‘द मोअर यू प्रॅक्टिस, द बेटर यू प्ले.’ जितका सराव करशील, तितकं छान खेळशील. सराव एक पाऊल पुढे गेला की खेळही एक पाऊल पुढे!

आता नीट बघ हं. ‘द’च्या लगेच नंतर काय आलंय? ‘मोअर’. आणि दुसऱ्या ‘द’नंतर? ‘बेटर’. हे दोन्ही तुलनेचे शब्द आहेत. इंग्रजीच्या तासाला त्यांना ‘कंपॅरेटिव्ह’ म्हणतात. कोण कुणापेक्षा मोठं, लहान, गोड, वेगवान, हे सांगायला ते वापरतात.

ते बनवायचे कसे? चुटकीसरशी! छोटा शब्द असेल तर शेवटी ‘अर’ लाव. टॉलचं टॉलर. स्वीटचं स्वीटर. फास्टचं फास्टर. लांबलचक शब्द असेल तर शेपूट नको, आधी ‘मोअर’ लाव. मोअर ब्यूटिफुल, मोअर इंटरेस्टिंग.

आणि काही शब्द अगदी हट्टी! ते नियम पाळतच नाहीत. गुडचं गुडर होत नाही, बेटर होतं. बॅडचं वर्स होतं. लिटलचं लेस होतं. मेनीचं मोअर होतं. हे चौघं पाठच करून टाक.

बस्स, आता हवी तेवढी वाक्यं बनव.

‘द स्पायसियर द मिसळ, द मोअर वॉटर आय ड्रिंक.’ मिसळ जितकी तिखट, तितकं मी जास्त पाणी पिणार!

‘दि अर्लियर यू स्लीप, दि इझियर यू वेक अप.’ जितकं लवकर झोपशील, तितकं उठणं सोपं! (इथे ‘द’ नाही, ‘दि’ आलंय, दिसलं का? पुढे स्वराचा उच्चार आला की ‘द’चा उच्चार ‘दि’ होतो.)

‘द लाउडर वुई टॉक, द लेस वुई हिअर.’ वर्गात सगळे जितके मोठ्यानं बोलतील, तितकं कमी ऐकू येईल. बघ, इथे एक गोष्ट वाढली आणि दुसरी कमी झाली. तरी पाय बांधलेलेच!

आणि सगळ्यांत मजेची गोष्ट माहितीय? कधी कधी या वाक्यातून क्रियापदच पळून जातं! ‘द सूनर, द बेटर.’ जितकं लवकर, तितकं चांगलं. ‘द मोअर, द मेरियर.’ जितके जास्त जण, तितकी जास्त मजा. मोजून चार शब्द. ना ‘इज’, ना ‘आर’. तरी वाक्य पुरं! बाई म्हणतात ना, वाक्यात क्रियापद हवंच? मग या पठ्ठ्याला काय म्हणायचं!

जरा सांभाळून हं!

या खेळात तीन ठिकाणी हमखास पाय अडखळतो.

एक. घाईत ‘द’च गळून पडतो. ‘मोअर यू प्रॅक्टिस, बेटर यू प्ले’ असं होतं. अरे, रुमालच सुटला की! दोन्ही ‘द’ हवेतच.

दोन. मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं जातं. ‘हाउ मच यू प्रॅक्टिस, दॅट मच यू प्ले बेटर.’ अंहं! इंग्रजीत ‘जितकं’साठी ‘हाउ मच’ चालत नाही. दोन ‘द’ घे आणि मोकळं हो.

तीन. ‘द मोअर हॉटर’! एकाच शब्दाला ‘मोअर’ही आणि ‘अर’ही? एकच पुरे. ‘द हॉटर’.

आणि एक युक्ती सांगते. ‘जितकी जास्त पुस्तकं वाचशील’ असं म्हणायचंय? मराठीत ‘जास्त’ आणि ‘पुस्तकं’ शेजारी शेजारी आहेत ना? इंग्रजीतही ते तसेच शेजारी ठेव. ‘द मोअर बुक्स यू रीड, द मोअर वर्ड्स यू नो.’ जितकी जास्त पुस्तकं वाचशील, तितके जास्त शब्द कळतील!

आधी कोण, नंतर कोण?

आता एक कोडं. ही दोन वाक्यं वाच.

‘द मोअर आय स्लीप, द लेझियर आय फील.’

‘द लेझियर आय फील, द मोअर आय स्लीप.’

शब्द तेच. फक्त जागा बदलल्या. अर्थ तोच राहिला का?

मुळीच नाही! पहिल्या वाक्यात झोप हे कारण आहे. जितकं झोपावं, तितका आळस येतो. दुसऱ्या वाक्यात आळस हे कारण आहे. जितका आळस येतो, तितकं झोपावंसं वाटतं. कारण आणि परिणाम यांची चक्क अदलाबदल झाली!

असं का झालं? कारण इंग्रजीतले दोन्ही ‘द’ दिसायला जुळे. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे ‘द’कडे बघून कळतच नाही. ते कळतं क्रमावरून. जो तुकडा आधी, ते कारण. जो नंतर, तो परिणाम.

मराठीचं मात्र वेगळं आहे. तिनं दोघांना वेगवेगळी नावं दिलीत. ‘जि’वालं कारण, ‘ति’वाला परिणाम! म्हणून मराठीत तुकडे हवे तसे फिरव. ‘तितका आळस येतो, जितकं जास्त झोपावं!’ उलटं म्हटलं, तरी कारण झोपच. काही गोंधळ नाही. हुशार आहे की नाही आपली भाषा?

हिंदीत अशीच जोडी आहे, ‘जितना… उतना’. कोकणीत आहे ‘जितलें… तितलें’. जर्मन मुलं म्हणतात ‘ये… डेस्टो’. फ्रेंच मुलं म्हणतात ‘प्लू… प्लू’. चिनी मुलं म्हणतात ‘युए… युए’. बघ ना, इतक्या दूरदूरच्या भाषा, आणि प्रत्येकीनं हे पाय बांधायचे रुमाल शोधून काढलेत!

दोरा, कुलूप आणि लंबक

हे वाक्य शास्त्रज्ञांच्याही फार कामाचं. कारण शास्त्रज्ञ दिवसभर काय शोधत असतात? हे वाढलं की ते वाढतं का? हे कमी झालं की त्याचं काय होतं? म्हणजे पुन्हा कारण आणि परिणामच!

चल, आपणही शोधू. एक लांब दोरा घे. त्याच्या टोकाला छोटंसं कुलूप बांध. दुसरं टोक उंचावर कुठेतरी घट्ट बांध, म्हणजे कुलूप मोकळं झुलेल. बांधलेल्या जागेपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर 1 मीटर अंतर ठेव. हा झाला लंबक!

आता कुलूप थोडंसं बाजूला ओढ आणि हळूच सोड. जाऊन परत आलं की एक झोका. 30 सेकंदांत किती झोके होतात ते मोज. साधारण 15 होतील.

आता दोरा आखूड कर. अंतर 25 सेंटिमीटर ठेव आणि पुन्हा मोज. किती झाले? बापरे, साधारण 30! दुप्पट!

मग वाक्य काय झालं? ‘द लाँगर द स्ट्रिंग, द स्लोअर द स्विंग.’ दोरा जितका लांब, तितका झोका संथ! किती छान यमक जुळलंय बघ.

एक गोष्ट लक्षात आली का? दोरा चौपट लांब होता, पण झोके चौपट कमी झाले नाहीत. निम्मेच झाले. म्हणजे ‘द… द…’ एवढंच सांगतं की दोघं बरोबर चालतात. दोघांची पावलं सारखीच लांब आहेत, असं ते म्हणत नाही. किती लांब, ते मोजूनच बघावं लागतं.

आता खरी परीक्षा! छोट्याऐवजी मोठं, जड कुलूप बांध. अंतर मात्र तेवढंच, 1 मीटर. काय वाटतं? ‘द हेवियर द लॉक, द फास्टर द स्विंग’? जड कुलूप वेगानं झुलेल?

मोज बरं. पुन्हा साधारण 15!

कुलूप जड झालं, तरी झोक्याला काही फरक नाही. म्हणजे वजन आणि झोका यांचे पाय बांधलेलेच नाहीत! वाक्य बनवता येतं म्हणून ते खरं असतंच असं नाही. खरं-खोटं ठरवायला प्रयोगच हवा.

तो ‘द’ हा ‘द’ नव्हेच!

आता ये जरा जवळ. सगळ्यांत मोठं गुपित सांगते.

‘द सन’मधला ‘द’ आणि ‘द मोअर’मधला ‘द’ दिसायला सारखे आहेत. पण ते एक नाहीतच!

खोटं वाटतंय? मग विचार कर. ‘द सन’, ‘द बॉल’, ‘द टीचर’. साधा ‘द’ नामाबरोबर येतो. ‘तो अमुक सूर्य’, ‘तो अमुक चेंडू’, असं बोट दाखवतो. पण ‘द मोअर यू प्रॅक्टिस’मधे ‘द’नं कुठल्या नामाकडे बोट दाखवलंय? कुठल्याच नाही! मग तिथे तो करतोय काय?

याचं उत्तर मिळवायला हजार वर्षांहून जास्त मागे जावं लागतं. तेव्हाची इंग्रजी आजच्या इंग्रजांनाही कळणार नाही, इतकी निराळी होती. तिला ‘जुनी इंग्रजी’च म्हणतात. तिच्यात एक अक्षरही वेगळं होतं. एक उभी काठी आणि काठीला मधोमध फुगलेलं पोट! त्याचं नाव ‘थॉर्न’. उच्चार ‘थ’. आइसलँडमधली मुलं आजही हे अक्षर गिरवतात.

आणि ऐक, त्या जुन्या इंग्रजीला चक्क विभक्ती होत्या! हो, आपल्या व्याकरणाच्या तासाला असतात ना, प्रथमा, द्वितीया, तृतीया? तशाच! ‘तो’ या अर्थाचा शब्द घ्यायचा आणि कामाप्रमाणे त्याचं रूप बदलायचं.

त्यातलं एक रूप होतं ‘थ्यू’. (ओठ गोल कर आणि ‘थी’ म्हण. जमलं?) हे रूप कशाचं? आपल्या तृतीयेसारखं! तृतीयेचा ‘ने’ माहितीय ना? चाकूने कापलं, पेनाने लिहिलं. तसं ‘थ्यू’ म्हणजे ‘त्याने’. ‘तेवढ्याने’!

मग तेव्हाचे लोक ‘थ्यू’ दोनदा वापरायचे. सराव वाढला ‘ज्याने’, खेळ सुधारला ‘त्याने’. जेवढ्याने हे वाढलं, तेवढ्याने ते वाढलं!

पुढच्या काही शतकांत इंग्रजीतल्या बहुतेक विभक्ती झिजून गेल्या. बोट दाखवणाऱ्या शब्दाची निरनिराळी रूपं जाऊन एकटा ‘द’ उरला. आणि आपला ‘थ्यू’? तोही झिजत झिजत ‘द’सारखाच दिसू लागला. दोघं एकाच घराण्यातले, म्हणून चेहरा सारखा. पण कामं अजून वेगवेगळी! एक बोट दाखवतो, दुसरा माप सांगतो.

हा माप सांगणारा ‘द’ आणखी एका शब्दात लपून बसलाय. ‘नेव्हरदलेस’! म्हणजे ‘तरीसुद्धा’. त्याचे तुकडे कर बरं. नेव्हर, द, लेस. ‘त्याने काहीच कमी झालं नाही’! पाऊस आला, नेव्हरदलेस आम्ही खेळलो. पावसाने आमचं खेळणं जराही कमी झालं नाही. सापडला की नाही चोर?

परीकथांचे आजोबा आणि आपला ‘त’

पण इंग्रजीकडे आपल्यासारखी विभक्ती आली तरी कुठून? कुणी कुणाची कॉपी केली?

कुणीच नाही! 1786 साली कोलकात्यात विल्यम जोन्स नावाचे एक न्यायाधीश भाषण देत होते. ते संस्कृत शिकले होते. ते म्हणाले, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून आल्या असणार. इंग्रजी ज्या कुळातली, त्या भाषाही बहुधा तिथूनच निघाल्या असणार, असंही त्यांना वाटलं. आणि ते खरंच निघालं! आपली मराठी तर संस्कृत-प्राकृताच्या घराण्यातली. म्हणजे मराठी आणि इंग्रजी दूरच्या बहिणी!

पुरावा हवा? ‘स्वीटेस्ट’ म्हणजे सर्वांत गोड. त्याचं ‘एस्ट’ शेपूट बघ. संस्कृतात सर्वांत गोड म्हणजे ‘स्वादिष्ठ’! त्याचं ‘इष्ठ’ शेपूट बघ. एस्ट, इष्ठ. सख्खे शोभतात ना? ज्येष्ठ म्हणजे सर्वांत मोठा, कनिष्ठ म्हणजे सर्वांत धाकटा. त्यांनाही तेच शेपूट! आणि आपण आमटी ‘स्वादिष्ट’ झालीय म्हणतो, तो शब्द याच ‘स्वादिष्ठ’वरून आलाय.

आता परीकथांकडे चल. हिमगौरी आणि सात बुटके ही गोष्ट ज्यांनी गोळा केली, ते जर्मनीतले ग्रिम बंधू. त्यातला थोरला याकोब ग्रिम. तो परीकथांबरोबर शब्दही गोळा करायचा! त्यानं 1822 साली एक नियम मांडला. डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनीही त्याच्या थोडं आधी हे हेरलं होतं. नियमातला आपल्या कामाचा तुकडा असा. जिथे संस्कृतात ‘त’ असतो, तिथे इंग्रजीत बऱ्याचदा ‘थ’ सापडतो.

ताडून बघू? संस्कृतात ‘त्रि’, इंग्रजीत ‘थ्री’. संस्कृतात ‘तनु’ म्हणजे बारीक, इंग्रजीत ‘थिन’. संस्कृतात ‘तृषा’, इंग्रजीत ‘थर्स्ट’. आणि मराठीत? तहान! वा रे वा!

आता तुझी पाळी. ‘थ्यू’मधल्या ‘थ’च्या जागी कोणतं अक्षर बसेल?

बरोब्बर! ‘त’!

तो. ती. ते. तेव्हा. तिथे. आणि… तितकं!

कळलं का, काय झालं ते? ‘द बेटर यू प्ले’मधला तो इवलासा ‘द’ आणि ‘तितकं छान खेळशील’मधला ‘त’ एकाच मुळाचे निघाले! हजारो वर्षं दोघं वेगवेगळ्या वाटांनी चालले. एक समुद्रापलीकडे इंग्लंडला गेला, एक सह्याद्रीच्या कुशीत आला. आणि दोघं आजही तेच काम करतायत. परिणामाचं माप सांगण्याचं!

पुढच्या वेळी इंग्रजीच्या तासाला ‘द मोअर… द बेटर…’ आलं, की त्याला परका समजू नकोस हं. तो आपल्या नात्यातला आहे.

राजाचं वाक्य

हे जुनं ‘थ्यू… थ्यू…’ कुणी लिहून ठेवलंय का? ठेवलंय ना! एका राजानं!

राजाचं नाव आल्फ्रेड. इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा. सन 871 ते 899 त्याचं राज्य होतं. त्या काळी समुद्रावरून व्हायकिंग लोक यायचे, हल्ले करायचे, लुटालूट करायचे. चर्चमधली पुस्तकं जळून गेली. लॅटिन वाचणारी माणसं फार थोडी उरली. आणि तेव्हाची ज्ञानाची पुस्तकं तर लॅटिनमधे!

मग आल्फ्रेडनं काय केलं? ती पुस्तकं सर्वांना कळावीत म्हणून इंग्रजीत आणायला घेतली. राजा असून! पोप ग्रेगरी यांचं ‘पास्टोरल केअर’ हे पुस्तक त्यानं इंग्रजीत आणलं आणि त्याला प्रस्तावना लिहिली. त्याची एक प्रत वूस्टर गावी पाठवली. ती प्रत आजही ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. अकराशे वर्षांहून जुनी!

त्या प्रस्तावनेत आल्फ्रेड जुन्या विद्वानांबद्दल सांगतो. ही पुस्तकं त्यांनी इंग्रजीत का आणली नाहीत? कारण त्यांना वाटायचं, लोक जितक्या जास्त भाषा शिकतील, तितकं देशात शहाणपण जास्त असेल. आणि हे सांगताना त्यानं नेमकं तेच दोन ‘थ्यू’वालं वाक्य वापरलं! त्यानं तर परिणाम आधी लिहिला आणि कारण नंतर. म्हणजे ‘शहाणपण तितकं जास्त, जितक्या भाषा जास्त’!

तू तर मराठी बोलणार, हिंदी समजणार, इंग्रजी शिकणार. घरात आणखी एखादी भाषा असेल, तर तीही. म्हणजे त्या विद्वानांना जे हवं होतं, तेच तू करतोयस किंवा करतेयस!

मजा जास्त की जेवण जास्त?

‘द मोअर, द मेरियर’ हे वाक्यही काही कालचं नाही. 1546 साली जॉन हेवूड नावाच्या लेखकानं इंग्रजी म्हणींचं एक पुस्तक काढलं. त्यात ही म्हण आहे. आणि गंमत म्हणजे तिला लगेच एक उत्तरही दिलंय! माणसं जितकी जास्त, तितकी मजा जास्त, हे खरं. पण माणसं जितकी कमी, तितकं प्रत्येकाला खायला जास्त!

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं की मजा येते ना? पण चकल्यांचा डबा किती लवकर रिकामा होतो! पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हेच वाटायचं बघ.

आणि हे एवढंसं वाक्य मोठमोठ्या प्राध्यापकांनाही सोडत नाही. भाषाशास्त्रज्ञ पीटर कुलिकव्हर आणि रे जॅकेंडॉफ यांनी 1999 साली एक अख्खा शोधनिबंध फक्त या ‘द… द…’च्या वाक्यावर लिहिला! कारण ते इंग्रजीच्या नेहमीच्या नियमांत नीट बसतच नाही. शाळेतल्या मुलांना सहज जमणारं वाक्य, आणि त्यावर विद्वानांची चर्चा!

आता खेळ तुझा

चल, आता घरी खेळायचा एक खेळ सांगते. नाव ठेव ‘साखळी’.

सगळ्यांनी गोल बसायचं. पहिल्यानं एक वाक्य म्हणायचं. ‘द मोअर यू रीड, द मोअर यू नो.’ दुसऱ्यानं त्यातला परिणाम उचलायचा आणि त्यालाच कारण बनवायचं. ‘द मोअर यू नो, द मोअर यू आस्क.’ तिसऱ्यानं पुढे न्यायचं. ‘द मोअर यू आस्क, द वायझर यू गेट.’ ‘द’ विसरला, तो बाद. ‘मोअर बेटर’ म्हटलं, तोही बाद!

आणि एक जास्तीचा नियम. वाक्य खरं नाही असं कुणाला वाटलं, तर त्यानं ‘प्रयोग!’ असं ओरडायचं. मग ते करून बघायचं. कुलपाचं वाक्य कसं फसलं, आठवतंय ना?

आजीला इंग्रजी येत नसेल, तर तिनं ‘जितकं… तितकं…’ म्हणत खेळायचं. तूच तिला सांग की दोन्ही एकाच घरातले आहेत.

मग, कधी खेळणार? आज रात्री जेवण झाल्यावरच सुरू कर. द सूनर, द बेटर!